गाऱ्हाण्यातलं नाव

कुळणे, ता. कुडाळ
२ नोव्हेंबर

चि. गौरेश यास अंकुशकाकाचे आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. काकीच्या फोनवरून लावला तर तिच्याशी बोललास, भात कापून झालं का ते विचारलंस, आणि मी बोलतो म्हटल्यावर बंद केलास. म्हणून कागद घेतला. दहावीपर्यंत ज्या घरात जेवलास त्या घरचा कागद न वाचता फाडणार नाहीस, एवढं धरून चालतो.

सोमवारी देवळात काय झालं ते तू ऐकलंसच. मधूदादाने डोंबिवलीहून फोन लावून त्यात तुलाही जोडून घेतलं होतं. थोरले मानकरी आबा परबांनी तो फोन नारळ धरावा तसा दोन्ही हातांत धरून गाभाऱ्याकडे तोंड केलं होतं. फोनला तोंड कुठे असतं ते त्यांना माहीत नाही, पण देवाला पाठ होऊ नये एवढी काळजी त्यांनी घेतली.

गाव आनंदात होता. राज्याच्या क्रिकेट संघात तुझी निवड, पहिलाच सामना, आणि समोर अनिरुद्ध हेब्बारचा संघ. माणसं विळे कमरेला तसेच ठेवून शेतातून आली होती. मी विडा ठेवला, नारळ ठेवला, गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा रवळनाथा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा."

"तुझ्या सावलेत वाढलेलो, आमच्या गावचो झील," गावचा मुलगा म्हणून इथे तुझं नाव यायचं होतं. माझ्या तोंडून गेलं, "अनिरुद्ध हेब्बार, खेळाक उतारतलो. तेका यश दी, तेची राखण कर रे म्हाराजा."

आणि सगळ्यांनी सवयीने म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मला कळलंसुद्धा नाही. मी पुढे सरकलो होतो. आबांनी थांबवलं.

"अंकुशा, नाव कोणाचा घेतलंस रे?"

"तेचाच."

"तेचाच म्हणजे कोणाचा? आपल्या झिलाचा नाव गौरेश. माका दिसणा नाय, पण आयकाक येता."

तेवढ्यात त्यांच्या हातातून दादाचा आवाज आला, "वीस वर्सां जेच्या नावान घरात टीव्हीक फुलां घालता, तेचाच नाव येतला. माझ्या पोराचा कित्याक येतला?" टीव्हीला मी फुलं कधी घातली नाहीत, हे तुला माहीत आहे. देवाची फुलं टीव्हीवर वाळत ठेवायचो, कारण तिथे ऊब असते. पण ती सांगायची वेळ नव्हती. मग फोनमधून काहीच येईना.

गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. मागून "व्हय म्हाराजा" झालं की ते मागणं घालणाऱ्या घाड्याचं राहत नाही, गावाचं होतं. आबा एवढंच म्हणाले, "जत्रेक बगूया." जत्रेला सगळे मानकरी असतात. घाडीपण माझ्याकडे ठेवायचं की काढायचं, ते तेव्हा ठरेल असा त्याचा अर्थ. आजोबांपासून आपल्या घरात आलेला हा गाऱ्हाणं घालायचा मान आहे. गेला तर माझ्या तोंडाने गेला, असं होईल.

जीभ घसरली, गौरेश. दुसरं काही नव्हतं. तू मन लावून टाक.

खळं चोपायला घेतलं आहे. फणसाचं मूळ यंदाही वर आलं आहे.

तुझा
अंकुशकाका


५ नोव्हेंबर

चि. गौरेश,

आजचा दिवस तुझा नव्हता. मी दुपारपर्यंत घरी बघितलं, मग वीज गेली म्हणून सावंतांच्या दुकानात गेलो. बंड्या सावंताने फोन बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवला होता आणि बाकड्यावर अर्धी वाडी होती. मला जागा करून दिली. ती कशासाठी ते बसल्यावर कळलं.

"अंकुशकाका, तुमचो झील बरो खेळता हां," बंड्या म्हणाला. "एकदम घट."

"आणि दुसरो झील?" कोणी तरी मागून विचारलं.

"दुसरो थंय चेंडू आणूक धावता."

सगळे हसले. मीही थोडा हसलो. नाही हसलो तर आणखी हसतात.

हेब्बार नाबाद राहिला, हे तुला मी काय सांगायचं. पण तू ज्या टोकाला होतास तिथून तुला दिसलं नसेल ते लिहितो. थकल्यावर तू त्याच्या पायांवर टाकत होतास आणि तिथूनच तो धावा काढत होता. बाहेर टाकलेल्या चेंडूंना त्याने हात लावला नाही. एकालाही नाही.

या माणसात मी काय बघितलं, असं तू एकदा विचारलं होतंस. नववीत असशील. मी तेव्हा "तुका मोठो झाल्यार कळतला" म्हणालो होतो, कारण मला सांगता येत नव्हतं. आज प्रयत्न करतो. मी त्याला पहिल्यांदा बघितलं ते कुडाळच्या स्टँडसमोर, एका रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाबाहेर. खताची पोती न्यायला गेलो होतो. माणसं उभी राहून बघत होती आणि शिव्या देत होती, कारण एक नवा कानडी पोरगा खेळायला आला होता आणि मारतच नव्हता. चेंडू यायचा, तो बॅट वर घ्यायचा आणि जाऊ द्यायचा. मला शिवी सुचली नाही. मला आपल्या जत्रेची पंगत आठवली. वाढपी भात घेऊन येतो, पोट भरलेलं असतं, आणि काही माणसं पानावर आडवा हात धरतात. तोंडाने "नको" म्हणत नाहीत, वाढप्याला दुखवत नाहीत, नुसता हात. पण तो हात बघून कळतं की या माणसाला आता आग्रह करून उपयोग नाही. हेब्बारचं चेंडू सोडणं मला तसं वाटलं. जे आपलं नाही ते किती नीट जाऊ देता येतं, हे मी कीर्तनात ऐकलं होतं. डोळ्यांनी त्या दिवशी बघितलं. खताची पोती विसरून मी मोकळा घरी आलो आणि तुझ्या आजीच्या शिव्या खाल्ल्या.

दादाचा संध्याकाळी फोन आला. तू त्याला सांगितलंस म्हणे, "काकाक सांगा, तुमचो झील फलंदाजी करता. मी कोण नाय." दादाने ते मला शब्दाशब्दाने सांगितलं. त्याची स्मरणशक्ती अशा वेळी चांगली असते.

तेव्हा तुला आणखी थोडं सांगितलं पाहिजे. जीभ घसरली हे खरं आहे. हेब्बार परदेशात खेळायला गेला की सोमवारी देवाला पाणी घालताना मी त्याचं नाव हळूच घ्यायचो. कोणाला ऐकू जाणार नाही असं. जिभेला ती वाट पायाखालची झाली होती. पण त्या दिवशी आबांनी टोकल्यावर मला दुरुस्त करता आलं असतं. दुसरं गाऱ्हाणं घालायला कोणाची बंदी नसते. मी घातलं नाही. का, ते सांगतो. आदल्या रात्री दादाने बजावलं होतं, "अंकुशा, नुसता यश मागा नको. हेब्बाराची दांडी उडांदे, असा स्पष्ट माग." मी हो म्हणालो होतो. आणि देवासमोर उभा राहिल्यावर ते माझ्याच्याने मागवेना. देवाकडे कोणाचं पडणं मागायचं, तेही त्याचं.

त्यात तुझं नाव राहून गेलं. एवढंच लिहू शकतो.

उद्या सकाळी नवा दिवस आहे. हात जपून ठेव. बाहेर टाक.

तुझा
अंकुशकाका


७ नोव्हेंबर

चि. गौरेश,

काल सकाळी मी दुकानात गेलो नाही. वीज होती. काकी चुलीवर पेज ठेवून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. क्रिकेट बघायचं नाही असा तिचा नेम आहे, म्हणून ती बसत नाही.

तू बाहेर टाकायला लागलास. त्याने सोडला. पुन्हा बाहेर, पुन्हा सोडला. टीव्हीवरचे बोलणारे म्हणत होते, नवा गोलंदाज वाया घालवतो आहे. मग तू तुझ्या जागेवर परत गेलास, वाकलास आणि तळहात जमिनीवर घासलास.

मी खुर्चीवरून उठलो.

"काय झाला?" काकीने विचारलं.

"मूळ," मी म्हटलं.

तिला कसं सांगणार. आणि ज्यांनी ते बघितलं त्या लाखो माणसांना तरी काय कळणार होतं. खळ्यात फणसाच्या मुळावर नेम धरायचा असला की तू आधी हात सारवणावर घासायचास. हाताला शेणाचा वास घेऊन जेवायला बसायचास आणि काकीचा मार खायचास. चेंडू मुळाच्या बरोबर कडेला पडला की आत वळायचा आणि माझ्या मागच्या रॉकेलच्या डब्यावर आदळायचा. मी मात्र हेब्बार असायचो. बॅट वर, खांदा वर, डाव्या पायाचा अंगठा किंचित फणसाकडे वळलेला, आणि डबा वाजायचा. "आउट," तू म्हणायचास. "मूळ लागला, धरूचा नाय," मी म्हणायचो. आठ वर्षं हेच चाललं होतं.

मुळाशिवाय तो चेंडू आत आणायला तू कधी शिकलास, मला माहीत नाही. मी शिकवला नाही. मला येतच नाही.

तू टाकलास. त्याचा अंगठा वळला. त्याने बॅट वर घेतली, पंगतीत हात आडवा धरावा तशी, तितकीच शांत. आणि चेंडू आत आला. दांडी पडली ती त्याने वळून बघितलीसुद्धा नाही. आधी तुझ्याकडे बघितलं. टीव्हीवर त्या वेळी मोठा गोंगाट होता. मला मात्र डबा वाजलेला ऐकू आला.

माझ्या तोंडून काही तरी निघालं. काय ते लिहीत नाही. तोंडावर माझा आता भरवसा राहिलेला नाही.

मग मी बाहेर खळ्यात जाऊन बसलो. ज्या माणसाला वीस वर्षं बघितलं त्याचा शेवटचा डाव संपला होता, कारण हा सामना झाला की बॅट ठेवणार असं त्याने आधीच सांगितलं होतं, आणि पाऊस पाहता या सामन्यात त्याला पुन्हा यावं लागेल असं दिसत नव्हतं. तो संपवला कोणी, तर माझ्या घरातल्या पोराने. मला आनंद झाला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तरीही. काकीने पेजेचा वाडगा आणून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "रडतास की हसतास ता एकदा ठरवा, म्हणजे माका मीठ घालूक बरा."

तू तेव्हा विचारायचास, "काका, माका बॅट कदी गावतली?" मी म्हणायचो, "हेब्बार आउट झाल्यार." आणि मी आउट व्हायचोच नाही.

आता झाला.

तुझा
अंकुशकाका


२२ नोव्हेंबर

चि. गौरेश,

सामन्यानंतर गावात काय चाललं आहे ते तुला दादाकडून कळलंच असेल, पण त्याच्याकडून कळलेलं आणि घडलेलं यात जरा फरक असतो, म्हणून लिहितो.

आधी दोन दिवस फटाके वाजले. तिसऱ्या दिवशी बंड्या सावंताला शंका आली. गाऱ्हाणं तर हेब्बारच्या यशाचं होतं, मग हेब्बार पडला कसा? म्हणजे देवाने घाड्याचं ऐकलं नाही. एकदा ही गोष्ट बाकड्यावर निघाली की तिथे थांबत नाही. नाव चुकलं हा एक दोष होता. आता देव ऐकत नाही हा दुसरा आला. ऐकलं असतं तर तू पडला असतास आणि तोही माझाच दोष झाला असता, पण हे कोणाला सांगणार.

काल मानकरी देवळात बसले. दादा डोंबिवलीहून आला होता. स्टँडवरून घरी न येता थेट देवळात गेला.

"मोठो मी," तो म्हणाला. "मुंबैक गेलंय म्हणान मान धाकट्याक दिलंय. आता मी निवृत्त झालंय. गाऱ्हाणा मी घालतंय."

"तुका सगळा येता?" आबांनी विचारलं.

"येता. आणि माका माझ्या झिलाचा नाव तरी ठावक आसा."

मी खाली बघत बसलो. दादाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बापाला हे लागायचंच. बाहेर पडताना मी त्याला म्हटलं, "घराकडे चल, जेवान तयार आसा." तो म्हणाला, "माका भूक नाय." मग काकी स्वतः गेली आणि म्हणाली, "भावोजी, भांडान तुमच्या भावाशी आसा, माझ्या कुळथाच्या पिठीशी नाय." तेव्हा आला. जेवताना माझ्याशी बोलला नाही, पण पिठी दोनदा घेतली.

निर्णय आबांनी दिला. त्यांचे शब्द असे होते: "जेचा नाव चुकला, तेनाच सांगूचा. गौरेश जत्रेक येवंदे. अंकुशान गाऱ्हाणा घालूचा, आणि पयला 'व्हय म्हाराजा' गौरेशान म्हणूचा. तो म्हणालो, तर अंकुश घाडी. तो इलो नाय, नायतर गप रवलो, तर मान मधूक."

जत्रा सात डिसेंबरला आहे, संध्याकाळी पालखी निघण्याआधी गाऱ्हाणं.

आता माझं ऐक. ये असं मी लिहीत नाही. मान गेला तर मी देवळात येणं सोडणार नाही. झाडू मारीन, दिवे लावीन, दादाला शब्द अडले तर मागून सांगीन. देवाजवळ पुढे उभं राहायचं की मागे, एवढाच फरक. आणि आलास तरी माझी कीव करून तो शब्द म्हणू नकोस. तो शब्द कीव करून म्हणायचा नसतो. देव ऐकत असतो, आणि या वेळी मीही ऐकत असेन.

खळं सारवून झालं. मूळ तोडावं का, काकी विचारत होती. दर वर्षी पाय अडखळतो म्हणते. मी नको म्हटलं.

तुझा
अंकुशकाका


३० नोव्हेंबर

काका,

तुझी सगळी पत्रं मिळाली. पहिलं सामन्यानंतर मिळालं. आधी मिळालं असतं तरी उघडलं नसतं.

एक गोष्ट तुला सांगायलाच पाहिजे म्हणून लिहितोय. सामना संपल्यावर हेब्बार आमच्या खोलीत आले. सगळ्यांशी हात मिळवले आणि मग माझ्याजवळ बसले. हिंदीत विचारलं, "मी तो सोडणार, हे तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "खांदा वर जायच्या आधी तुमच्या डाव्या पायाचा अंगठा वळतो." ते म्हणाले, "हे माझ्या प्रशिक्षकालाही माहीत नव्हतं. तुला कोणी दाखवलं?" मी म्हटलं, "काकांनी." "काका कुठे खेळायचे?" मी म्हटलं, "घरापुढे." खळं म्हणजे काय ते मला हिंदीत सांगता आलं नाही. शेणाचं सांगायला लागलो तर मुलं हसायला लागली.

ते हसले नाहीत. म्हणाले, "लोक धावा मोजतात हे मला माहीत होतं. सोडलेले चेंडू कोणी बघत बसलं असेल, असं वाटलं नव्हतं." मग स्वतःचा नंबर दिला.

हे ऐकून तुला बरं वाटेल. पण माझा राग गेलेला नाही. खळ्यात तू हेब्बार आणि मी बाकीचे सगळे. कधी ऑस्ट्रेलिया, कधी पाकिस्तान. मी कधी गौरेश नसायचोच. देवळात तेच झालं तेव्हा वाटलं, झालं, आता देवासमोरही मी बाकीच्यांतलाच.

तिसऱ्या पत्रात तू लिहिलंस की काही तरी तोंडून निघालं आणि काय ते लिहीत नाही. काकीने मला फोनवर सांगितलं. तू "गौरेश" म्हणून असा ओरडलास की खालच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली आणि पेज उतू गेली. हे लिहायला काय झालं होतं?

जत्रेचं सांगता येत नाही. आमचा सराव आहे. रजा मागितली नाही अजून. वाट बघू नकोस.

गौरेश


९ डिसेंबर

चि. गौरेश,

काल सकाळच्या एस.टी.ला तू बसलास आणि माझ्याच्याने काही बोलवलं नाही. तू खिडकीतून "काका, जेवून घे" म्हणालास. तेव्हा उरलेलं लिहितो.

परवा दुपारी शेवटची एस.टी. आली आणि तू उतरला नाहीस. मी बघत नव्हतो, काकीने बघितलं. मी अंघोळ करून सोवळं नेसलो आणि देवळात गेलो. मनात म्हटलं, आज दादाच्या मागे उभं राहायचं. खरं सांगतो, तेवढं जड वाटलं नाही. जड वाटलं ते दुसरंच, तू आला नाहीस ते. मग ढोल सुरू झाले, मी वर बघितलं आणि तू खांबाला टेकून उभा होतास, पायात धुळीचे बूट तसेच. बंड्या सावंताच्या दुचाकीवरून कणकवलीहून आलास हे मला नंतर कळलं. त्याची शंका त्यानेच फेडली म्हणायची.

तुझ्या तोंडावरून मला काही कळलं नाही. हेब्बारसारखाच चेहरा केला होतास.

मी सुरू केलं. "बा देवा रवळनाथा." तू गप्प. नियम असा की पहिला "व्हय म्हाराजा" तुझा, म्हणून सगळेच गप्प. माझं वाक्य हवेत राहिलं. मी पुढे गेलो, "तुझ्या सावलेत वाढलेलो, आमच्या गावचो झील," आणि थांबलो. तुझं नाव घेऊन गेलो होतो, घोकून गेलो होतो, देवाशपथ. पण घशाशी दोन्ही नावं एकदम आली आणि दाराशी दोन माणसं अडकावी तशी अडकली. दादा जमिनीकडे बघत होता. आबांनी मान माझ्याकडे वळवली.

आणि तू म्हणालास, "काका, दोगांचाय घे."

"दोगांचा?" आबा म्हणाले.

"एकदा देवाच्या कानार घातलेला नाव काडूक येता काय, आबानू?"

आबांनी विचार केला. एवढा की पालखीचे भोई खांदे बदलायला लागले. "नाय येणा," ते म्हणाले.

"मगे?"

तेव्हा मी घेतलं. आधी तुझं, बापाच्या नावासकट, घराच्या नावासकट. गौरेश मधुकर घाडी. मग त्याचं. आणि खांबाकडून आवाज आला, "व्हय म्हाराजा." तो कसा होता ते मी लिहीत नाही. ऐकायचा तो मी ऐकला. दुसरा आवाज दादाचा होता, हे तुला गर्दीत कळलं नसेल.

तू झोपल्यावर आबा आले होते. म्हणाले, "अंकुशा, तुझा पयला गाऱ्हाणासुद्धा देवान आयकला. 'आमच्या गावचो झील' म्हणालंस, 'तेका यश दी' म्हणालंस. देव झिलाक वळाकता. नावाची पंचाईत आपल्याक." मग काठी टेकत गेले. आता त्यांना फार लांबचं दिसत नाही, जवळचंही नाही, पण काही गोष्टी दिसतात.

काल सकाळी खळ्यात झालं त्याबद्दल दोन शब्द. बॅट तुझ्या हातात होती आणि चेंडू माझ्या. मला वाटलं, इतक्या वर्षांनी मिळाली आहे, तर भिंतीपलीकडे मारशील. माझा तो सरळ, बिचारा चेंडू. तू बॅट वर घेतलीस, खांदा वर, अंगठा फणसाकडे, आणि डबा वाजला. मी काही बोलायच्या आत म्हणालास, "मूळ लागला. धरूचा नाय." चेंडू मुळाच्या वाऱ्यालासुद्धा नव्हता. काकी आतून म्हणाली, "आउट तो आउट, दोगवय जेवक येवा."

आता कामाचं. तू गेल्यावर प्रसाद वाटताना बंड्याने नवा मुद्दा काढला. हेब्बार गावचा झील झाला, तर जत्रेचा प्रसाद त्याला जायला हवा. बाहेरगावच्या सगळ्या मुलांना जातो. "आणि पुढच्या वर्सी वर्गणी कोण मागतलो तेच्याकडे?" असंही त्यानेच विचारलं. वर्गणीचं पुढे बघू. प्रसादाचं मात्र मानकऱ्यांना पटलं. तुझ्याकडे त्यांचा नंबर आहे, पत्ता विचारून घे. खळं म्हणजे काय ते त्यांना नीट सांगता येत नसेल तर सांगू नकोस. इकडे कधी आले तर दाखवू.

कागदाबरोबर अंगाऱ्याच्या दोन पुड्या आहेत. एका पुडीवर नाव आहे, एक कोरी आहे. काकीने विचारलं, दोन्हींवर का नाही लिहिलंत. म्हटलं, एका वेळी एकच लिहिलेलं बरं, चुकायला नको.

कोरी त्यांना दे. नाव आहे ती तुझी. लिहिल्यावर चष्मा लावून वाचून बघितलं. बरोबर आहे.

तुझा
अंकुशकाका